पटलाखालची फट : एका हिरव्या शैवालाने उलगडलेले रहस्य

१/
१८९८ साली कार्ल विल्हेल्म झिमरमन या शरीररचनाशास्त्रज्ञांना मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रत्येक पेशीवर एकच एक बारीक केस उभा होता. झिमरमन यांनी त्याची नोंद केली, आणि हा केस संवेदनेसाठी असावा असा तर्कही मांडला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाने त्या केसाकडे फारसे लक्ष दिले नाही. उत्क्रांतीच्या ओघात मागे राहिलेला एक निरुपयोगी अवशेष, अशीच त्याची गणना होत राहिली.

२/
त्या केसाचे मोल जगाला कळू लागले ते २००० सालाच्या सुमारास, आणि त्याची किल्ली सापडली ती डबक्यांत व ओल्या मातीत वाढणाऱ्या एका हिरव्या शैवालात. त्या शैवालाचे अभ्यासक कोणत्याही रोगावर उपाय शोधत नव्हते. त्यांच्यापुढचा प्रश्न वरकरणी अगदी लहान होता: पेशीच्या आतला नलिकांचा सांगाडा तिच्या बाहेरच्या पातळ पटलाला जोडलेला असतो तो कसा? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

३/
कथेची सुरुवात हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी होते. कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये जवळच्या तळ्यातले हिरवट पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले. त्यात असंख्य सूक्ष्म जीव धावत होते. ते पोहतात कशाच्या बळावर, हे पाहण्यासाठी त्याने डोळ्यांना ताण दिला. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रांत त्याने अशा जीवांच्या अतिशय बारीक ‘पायां’चे वर्णन केले. आज त्या अवयवांना पक्ष्माभिका आणि कशाभिका म्हणतात.

४/
एकोणिसाव्या शतकात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी अशाच एका शैवालाला ‘क्लॅमिडोमोनस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्लॅमिस’ म्हणजे अंगावर घेण्याचा झगा, आणि ‘मोनास’ म्हणजे एकटा. झगा पांघरलेला हा एकटा जीव जेमतेम १० मायक्रोमीटर लांबीचा असतो. त्याच्यात एक पेल्यासारखे हरितलवक, प्रकाश ओळखणारा एक नारिंगी नेत्रबिंदू आणि पुढच्या टोकाला चाबकासारख्या दोन कशाभिका असतात. १९४५ साली अमेरिकेतील ॲमहर्स्टजवळच्या मातीतून गिल्बर्ट स्मिथ यांनी या शैवालाचा एक वाण वेगळा केला. आजच्या प्रयोगशाळांतील बहुतेक वाण त्याच्याच वंशातले आहेत.

५/
मात्र या जीवाच्या अंतरंगात डोकावण्याची वाट फार काळ बंद होती. साध्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. ती प्रकाशाचीच मर्यादा आहे. पेशीचे पटल तर १० नॅनोमीटरहूनही पातळ, आणि त्याखाली जे दडले होते त्याची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारांशाहूनही लहान अंश. ते पाहण्यासाठी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक यावा लागला.

६/
इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात आयरीन मँटन या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषींनी हे नवे यंत्र हाती घेतले. १९५२ मध्ये मँटन आणि क्लार्क यांनी स्फॅग्नम या शेवाळीच्या नरयुग्मकाची कशाभिका उकलून दाखवली. बाहेर वर्तुळात नऊ जोड-तंतू आणि मध्ये दोन सुटे तंतू, अशी तिची रचना होती. थोड्याच वर्षांत हीच ‘नऊ अधिक दोन’ची रचना प्राण्यांच्या पक्ष्माभिकांतही दिसली. शेवाळीचे युग्मक, डबक्यातले शैवाल आणि माणसाची श्वासनलिका या सर्वांत एकच नकाशा होता.

७/
मग पेशीच्या उरलेल्या देहात काय होते? तेथे बराच काळ काहीच धड दिसले नाही, आणि याला कारण होती पेशी टिकवण्याची पद्धत. नमुने थंड करून ऑस्मियमच्या द्रावणात बुडवले जात. कशाभिकेतल्या कणखर नलिका त्यातून वाचत. देहातल्या नाजूक नलिका मात्र थंडीने विरघळून जात. पाहण्यासाठी केलेली तयारीच पाहण्याची वस्तू नष्ट करत होती. १९६३ मध्ये येल विद्यापीठात डेव्हिड सबातिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरले. त्याने प्रथिने जागच्या जागी एकमेकांत गुंफली जातात. कोरी दिसणारी पेशी त्यानंतर एकाएकी भरलेली दिसू लागली.

८/
त्याच वर्षी हार्वर्डमध्ये मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर यांनी वनस्पतींच्या मुळांच्या पेशींत या नलिका पाहिल्या आणि त्यांना ‘मायक्रोट्यूब्यूल’, म्हणजे सूक्ष्मनलिका, हे नाव दिले. विशेष असे की एका शैवालाने त्यांची वर्दी आधीच दिली होती. नायटेला या शैवालाची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते. १९६२ मध्ये पॉल ग्रीन यांनी तिला कोल्चिसीन हे विष दिले, तेव्हा तिच्या भित्तिकेतील तंतूंची शिस्तबद्ध ठेवण बिघडली. पटलाजवळ प्रथिनांचे काही अदृश्य तंतू असले पाहिजेत, असे भाकीत ग्रीन यांनी त्यावरून केले. वर्षभरात ते खरे ठरले.

९/
लेडबेटर-पोर्टर यांच्या चित्रांतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे नलिकांची जागा. पिंपाला कड्या असाव्यात तशा त्या पटलाच्या अगदी आतल्या अंगाला, त्याला समांतर बसल्या होत्या. मधे एक फट होती. चित्रांत त्या फटीत मोजकेच पुसट तंतू दिसत. पण पटल स्निग्ध पदार्थांचे, जवळजवळ प्रवाही. आणि नलिका प्रथिनांच्या, ताठ. इतक्या भिन्न स्वभावाच्या दोन वस्तू एकमेकींना धरून कशा राहतात? पुढच्या अर्धशतकात याची तीन उत्तरे मिळाली, आणि तिन्हींत शैवालांनी साक्ष दिली.

१०/
पहिले उत्तर आकाराचे. ऑक्रोमोनस हे सोनेरी-तपकिरी रंगाचे एकपेशीय शैवाल आहे. त्याला पेशीभित्तिका नसते, तरी त्याचा देह थेंबासारखा गोल न राहता पुढे चोचीसारखा आणि मागे शेपटीसारखा निमुळता होतो. भिंतीविना हा आकार टिकतो कशावर? १९७३ मध्ये बेंजामिन बाउक आणि डेव्हिड ब्राउन यांनी या पेशींवर प्रचंड जलदाब दिला, तसेच नलिका विरघळवणारी रसायने वापरली. सूक्ष्मनलिका नाहीशा झाल्या, आणि शैवाल आपला आकार हरवून बसले.

११/
दाब काढताच नलिका पुन्हा उगवल्या, पण वाटेल तेथून नव्हे. त्यांची उगमस्थाने दोन होती, आणि दोन्ही कशाभिकांच्या बुडख्यांशी बांधलेली होती. एका स्थानातून निघालेल्या नलिका चोचीच्या पटलाखाली पसरत आणि देहाचा मूळ आकार घडवत. दुसऱ्या स्थानातल्या नलिका मागे जात आणि शेपटी ओढून काढत. तंबूच्या कापडाला काठ्यांनी आकार यावा तसा हा प्रकार होता. येथे एक तत्त्व प्रथमच स्पष्ट झाले: आकार पटलाच्या अंगचा नसतो, नलिका कोठे रोवल्या आहेत, यावर तो ठरतो.

१२/
क्लॅमिडोमोनसमध्ये ही रोवणी आणखी नेमकी निघाली. १९६७ मध्ये डेव्हिड रिंगो यांनी त्याच्या कशाभिकांच्या बुडख्यांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. तेथून नलिकांचे चार पट्टे निघतात आणि पटलाच्या लगत मागे उतरतात; त्यांना ‘मुळे’ म्हटले जाते. रिंगो यांना चारही मुळे सारखी वाटली होती. १९७८ मध्ये अर्सुला गुडइनफ आणि रिचर्ड वाइस यांच्या अभ्यासात दोन नलिकांचे बारीक मूळही दिसले, आणि पुढे चित्र पूर्ण झाले: एकाआड एक चार, दोन, चार, दोन. पटलाखालची ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या अचूक तशीच उतरते.

१३/
त्या अचूकतेला अर्थ आहे. क्लॅमिडोमोनसचा नेत्रबिंदू देहावर नेहमी एकाच ठराविक बाजूला असतो, म्हणूनच तो प्रकाशाची दिशा ओळखून पोहू शकतो. १९८९ मध्ये होम्स आणि सुझन डचर यांनी दाखवले की ती बाजू चार नलिकांचे एक विशिष्ट मूळ ठरवते. पेशी विभागली की जुना नेत्रबिंदू नाहीसा होतो आणि नव्या मुळाच्या लगत नवा उमटतो. डोळा कोठे असावा, हे पटलाखालच्या नलिका सांगतात.

१४/
दुसरे उत्तर कशाभिकेच्या गळ्याशी मिळाले. देह संपून कशाभिका सुरू होते तेथे एक छोटा पट्टा असतो. त्याला संक्रमण-क्षेत्र म्हणतात. १९७२ मध्ये नॉर्टन गिलुला आणि पीटर सॅटिर यांनी गोठवून फोडलेल्या पेशींत, पक्ष्माभिकांच्या गळ्याभोवती, पटलातील कणांची वर्तुळे पाहिली. मण्यांच्या माळेसारखी दिसणारी ही रचना त्यांनी ‘पक्ष्माभिकेचा कंठहार’ म्हणून वर्णिली. आतून पाहता प्रत्येक जोड-नलिकेपासून एक दुवा निघून पटलाकडे जाताना दुभंगत होता. उंच पेल्यासारख्या या दुव्याला पुढे रोमन ‘वाय’ अक्षरावरून नाव पडले.

१५/
क्लॅमिडोमोनसच्या गळ्यातही हे दुवे आहेत. पटल नलिकांना घट्ट खिळलेले असण्याची ही सर्वांत स्पष्ट जागा. पण इतका पक्का बांध येथेच का? दुवे दिसत होते; त्यांचे काम मात्र चित्रातून वाचता येत नव्हते. इतिहासात असे वारंवार घडते. शिलालेख सापडतो, अक्षरे स्वच्छ असतात, आणि लिपी उलगडायला काही दशके जातात. येथे ती ३८ वर्षे गेली. दरम्यान तिसरे उत्तर पुढे आले, आणि ते साऱ्यांनाच अनपेक्षित होते.

१६/
जोएल रोझेनबॉम हे क्लॅमिडोमोनसच्या कशाभिकांवर आयुष्य वेचणारे संशोधक. १९६९ मध्ये त्यांनी, मोल्डर आणि रिंगो यांच्यासह, एका सुरेख प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. दोन कशाभिकांपैकी एकच तोडली. तुटलेली वाढू लागली, पण त्याच वेळी शाबूत असलेली दुसरी आखडू लागली. दोघी समान लांबीच्या झाल्या, आणि मग दोन्ही मिळून मूळ लांबीपर्यंत वाढल्या. जणू दोन भावंडांनी एकाच शिदोरीतून वाटून घ्यावे.

१७/
या प्रयोगाने एक कोडे उभे केले. कशाभिकेत प्रथिने तयार होत नाहीत. सगळा माल देहात बनतो. नवी वाढ मात्र मुख्यतः टोकाशी होते. म्हणजे माल गळ्यातून आत शिरून, १० ते १२ मायक्रोमीटरचा अरुंद बोळ पार करून, शेवटच्या टोकाला पोहोचला पाहिजे. तो आपोआप झिरपत जातो, की कोणी वाहून नेते? नलिका आणि पटल यांच्या फटीत काही गडद कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत दिसले होते. परंतु ती चित्रे मृत, स्थिर पेशींची होती. थांबलेल्या चित्रात प्रवासी आणि खांब सारखेच दिसतात.

१८/
एक सूचक पुरावा १९७७ मध्ये आला. रॉबर्ट ब्लडगुड यांनी पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म मणी शैवालाच्या पाण्यात सोडले. कशाभिकेला चिकटलेले मणी तिच्या अंगावरून पुढे-मागे सरकू लागले, कशाभिका फटकारे मारत नसतानाही. मणी पटलाच्या बाहेर होते. त्यांना ओढणारे बळ आत कोठेतरी असणार, आणि ते पटलातून बाहेर पोहोचत असणार. फट रिकामी नव्हती, याची ही चाहूल होती.

१९/
१९९३ मध्ये पडदा उघडला. येल विद्यापीठात कीथ कोझमिन्स्की या संशोधक विद्यार्थ्याने जिवंत क्लॅमिडोमोनसची चित्रफीत पाहिली. पॉल फोर्शर यांच्या प्रयोगशाळेतील अत्यंत संवेदनशील व्हिडिओ-सूक्ष्मदर्शक त्यासाठी वापरला होता, आणि शैवालाचा वाण असा निवडला होता की त्याच्या कशाभिका हालतच नसत. त्या निश्चल कशाभिकांच्या पटलाखालून लहान लहान उंचवटे अखंड धावत होते. टोकाकडे जाताना त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर होता, परतताना सुमारे साडेतीन. गाड्यांची ही ये-जा रोझेनबॉम यांनी पंचवीसहून अधिक वर्षे अभ्यासलेल्या अवयवातच चालू होती.

२०/
१९९५ मध्ये त्याच गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या गाड्या ओळखल्या. ते जुन्या चित्रांतले गडद कणच होते. रांगेने लागलेले हे कण एका बाजूने जोड-नलिकेला आणि दुसऱ्या बाजूने पटलाला भिडलेले होते. त्यांना पुढे नेणारे प्रथिन कायनेसिन कुळातले निघाले. ते प्रथिन तापमान वाढताच निकामी होणारा एक उत्परिवर्ती वाण होता. त्याला उष्णतेत ठेवले की वाहतूक थांबे आणि कशाभिका हळूहळू आक्रसून नाहीशी होई. परतीचा प्रवास डायनीन या दुसऱ्या प्रथिनावर चालतो, हेही काही वर्षांत स्पष्ट झाले.

२१/
म्हणजे पटल आणि नलिका यांना जोडणारे तिसरे बंधन खिळ्यासारखे स्थिर नव्हते. ते चालते बंधन होते, आगगाडीने रुळाला धरावे तसे. ज्याला फट समजले गेले तो हमरस्ता होता. आणि हा रस्ता बंद पडला तर सगळा अवयवच कोसळत होता. आता प्रश्न असा होता की हे केवळ शैवालाचे वैशिष्ट्य, की ‘नऊ अधिक दोन’सारखा हाही सर्वांचा वारसा?

२२/
१९९८ मध्ये डग्लस कोल आणि सहकाऱ्यांनी या गाड्यांचे प्रथिन-घटक वेगळे केले. २००० साली ग्रेगरी पॅझोर, जॉर्ज विटमन, कोल, रोझेनबॉम आदींनी त्यांतल्या एका घटकाचे, आयएफटी-८८चे, जनुक वाचले. ते ज्या शैवालात बिघडले होते त्याला कशाभिका येतच नव्हत्या. मग हे जनुक प्राण्यांत शोधले, तेव्हा त्याचा जुळा उंदरात सापडला. वैद्यकाला तो आधीच ठाऊक होता. ते जनुक बिघडलेली उंदरांची पिल्ले जन्मानंतर लवकरच दगावत. त्यांच्या मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या गाठी होत असत.

२३/
संशोधकांनी त्या उंदरांची मूत्रपिंडे तपासली. पेशींवरचे ते एकुलते केस, झिमरमन यांनी १८९८ मध्ये पाहिले होते तेच, खुरटे होते. निरुपयोगी ठरवलेला अवशेष बिघडला की मूत्रपिंड बिघडत होते. माणसाच्या बहुपुटी मूत्रपिंड-विकाराशी संबंधित प्रथिनेही लवकरच या केसांवर सापडली. झिमरमन यांचा तर्क, की केस संवेदनेसाठी असावा, शतकानंतर मानाने परत आला. पक्ष्माभिकांच्या बिघाडातून होणाऱ्या विकारांचा एक नवा वर्गच वैद्यकात उभा राहिला.

२४/
आता राहिला गळ्यातला पेला. २००६ मध्ये मानवी वैद्यकात सीईपी-२९० हे जनुक चर्चेत आले. त्याच्या बिघाडाने काही मुलांना मेंदूचा व मूत्रपिंडाचा विकार होत होता, तर काही मुले जन्मापासून जवळजवळ दृष्टिहीन होती. हे प्रथिन नेमके करते काय? २०१० मध्ये ब्रांच क्रेग, विटमन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले, आणि तेही क्लॅमिडोमोनसमधून. हे प्रथिन संक्रमण-क्षेत्रातील ‘वाय’ दुव्यांच्या जागीच होते. ते नसले की दुवे बिघडत, आणि नलिकांवरची पटलाची पकड सुटत असे.

२५/
त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. अशा शैवालाच्या कशाभिकेत काही प्रथिने उणी होती, तर काही प्रमाणाबाहेर साठली होती. गिलुला आणि सॅटिर यांनी १९७२ मध्ये पाहिलेला कंठहार, त्याच्या दुव्यांसह, एक द्वार होता. कोणी आत जावे आणि कोणी बाहेर राहावे, हे तेथे ठरत होते. मानवी दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशीचा प्रकाश टिपणारा भाग हा मुळात रूपांतरित पक्ष्माभिकाच आहे, आणि तिलाही असाच अरुंद गळा आहे. ते द्वार बिघडले की माल पोहोचत नाही, आणि डोळ्यासमोर अंधार उरतो.

२६/
२०२० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सीईपी-२९०च्या बिघाडाने दृष्टी गमावलेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात क्रिस्पर ही जनुक-संपादनाची पद्धत वापरण्यात आली. मानवी देहाच्या आत ही पद्धत वापरण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. चाचणीत सहभागी झालेल्यांपैकी सर्वांना लाभ झाला नाही. काहींच्या दृष्टीत सुधारणा दिसली. हा उपचार शैवालातून जन्मलेला नाही, असे म्हणणे अतिशयोक्ती टाळण्यासाठी आवश्यक आहे. परंतु ज्या प्रथिनावर तो बेतला आहे, ते पेशीत काय धरून ठेवते, हे समजावून सांगण्यात शैवालाचा मोठा वाटा आहे.

२७/
या इतिहासात अचानक उजळलेला एकही क्षण पुरेसा ठरला नाही. लेव्हेनहूकने पाहिले, पण त्याच्या भिंगाला मर्यादा होती. झिमरमन यांनी पाहिले, पण ऐकणारे कोणी नव्हते. १९६०च्या दशकातील चित्रांत धावत्या गाड्या उमटल्या होत्या, पण थांबलेल्या. प्रत्येक वेळी वस्तू डोळ्यांसमोर होती. तिला विचारायचा योग्य प्रश्न आणि तो विचारण्याचे साधन एकत्र यायला वेळ लागला.

२८/
आणि दरवेळी तो प्रश्न जेथे विचारता आला, ते स्थान होते काही मायक्रोमीटर लांबीचे एक हिरवे शैवाल: झटपट वाढणारे, कशाभिका तोडली तर पुन्हा उगवणारे, बिघडवले तरी जगणारे. मूत्रपिंडाची पेशी आपला केस गमावते तेव्हा प्राणी आजारी पडतो. शैवाल आपली कशाभिका गमावते, तळाशी बसते आणि आपल्या दोषाचे कारण शोधू देते. पटल आणि नलिका यांच्यामधल्या एका फटीविषयीचे कुतूहल अखेर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले, ते या जीवाच्या चिवटपणामुळे आणि त्याच्याकडे उपयोगाचा हिशेब न करता पाहत राहिलेल्या माणसांमुळे.